दर पावसाळ्यात ग्रुप फुटतो: एअर पिस्तुलाच्या नळीचं तोंड आणि माझी छत्रीची काडी

मालवणात आमचं इंजिनांचं गॅरेज आहे. ट्रॉलरची डिझेल इंजिनं, होड्यांची आउटबोर्ड मशीनं, मधूनच कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप. पिस्तुलाशी माझा संबंध आला तो भाचीमुळे. ती १० मीटर एअर पिस्तूल शिकते. गेल्या दोन पावसाळ्यांत तिच्या पिस्तुलाला एकच रोग तीनदा झाला. तिन्ही वेळा मी तो बरा केला, पण पहिल्या दोन वेळा रोगाचं मूळ भलतीकडेच शोधत बसलो.

पिस्तूल साधंच आहे, शिकणाऱ्यांचं. वरचा दांडा उचलून दाबला की एका झटक्यात हवा भरते, त्याला सिंगल स्ट्रोक म्हणतात. ४.५ मिमीची नळी, पुढे सपाट तोंडाचे शिशाचे पेलेट. मोठ्या स्पर्धांतली सिलिंडरवाली पिस्तुलं वेगळी, पण नळीच्या तोंडाची गोष्ट दोन्हीकडे तीच.

पहिल्यांदा कळलं ते जुलैत. मासेमारीबंदी लागून होड्या वर ओढलेल्या, गॅरेजमध्ये सगळीकडे इंजिनं उघडी पडलेली, आणि ही बाई दारात येऊन उभी.

"मामा, पिस्तुलाक काय झालाहा बघ मगे. पाच मारलंय तर दोन खंयच्या खंय जातत."

मला आधी वाटलं हात हलत असेल. पण तिने कार्डं आणली होती. मे महिन्यातल्या कार्डावर पाचही भोकं दहाच्या वर्तुळात, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या टिकलीत. जुलैच्या कार्डावर तीन आत, एक नवात, एक आठाच्या रेषेवर. आणि सुटलेले दोन दर वेळी वेगळ्या दिशेला. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, हलली असती तर सगळा ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका, एका बाजूला सरकला असता. इथे ग्रुप सरकला नव्हता, फुटला होता. निदान करताना हा फरक सगळ्यात आधी बघायचा.

माणसाचा हात यातून वगळायचा तर पिस्तूल टेकवून मारून बघायला हवं. आम्ही तांदळाची छोटी पिशवी शिवली. किनाऱ्यावरची वाळू कुणी भरू नका. ती खारी असते, दमट राहते आणि कापडातून झिरपून पिस्तुलाला लागते. पिशवीवर हात टेकवून, श्वास सोडून, पाच-पाच पेलेटची चार कार्डं मारली. चारही कार्डांवर एक-दोन पेलेट पळालेलेच. म्हणजे पोरीचा दोष नाही.

नळीच्या तोंडाला हात लावायच्या आधी बाकीचे संशयित सोडवून घ्या, कारण ते स्वस्त आहेत. साइटचे आणि मुठीचे स्क्रू कसलेले आहेत का? पेलेटचा डबा खाली पडला होता का? शिसं इतकं मऊ, की डबा एकदा आपटला तरी मागचा पातळ घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो चेमटतो. नवा डबा फोडून बघा. नळी मागे जिथे बसते तिथली रबरी ओ-रिंग फुटली आहे का? त्यासाठी टिश्यू पेपरची पट्टी त्या सांध्यावर धरायची आणि कार्डावर एक पेलेट मारायचा. पट्टी फडफडली तर हवा तिथून जाते. ज्यांच्या पिस्तुलाला पुढे कॉम्पेन्सेटर, म्हणजे तोंडावर बसवलेला झटका कमी करणारा तुकडा, असतो त्यांनी त्याच्या भोकाची आतली कड बघावी. एकाच बाजूला शिशाचा करडा ओरखडा दिसला तर पेलेट जाता जाता तिथे घासतोय, तो नीट बसवला की काम झालं. आमच्या पिस्तुलाला कॉम्पेन्सेटर नाही, आणि बाकीचं सगळं ठीक निघालं.

उरलं नळीचं तोंड. नळीच्या आत पेलेटला गिरकी देणाऱ्या खाचा असतात, त्या जिथे संपतात ती शेवटची गोल कड म्हणजे क्राऊन. पेलेटला लागणारी शेवटची धातूची गोष्ट तीच. पेलेटच्या मागे दाबलेली हवा असते. पेलेट तोंडातून सुटला त्या क्षणी ती त्याच्या स्कर्टच्या चहूबाजूंनी बाहेर पडते. कड सगळीकडे सारखी असेल तर हवा सगळीकडून एकाच वेळी सुटते आणि पेलेट सरळ जातो. कडेला कुठे चीर किंवा खड्डा असेल तर तिथून हवा आधी निसटते, स्कर्टला एका बाजूने ढुशी बसते आणि पेलेट डुलत निघतो. मग कुणी म्हणेल, ढुशी रोज त्याच बाजूने बसते तर साइट तेवढी फिरवून घेऊ. तसं होत नाही. प्रत्येक पेलेटचा स्कर्ट थोडा वेगळा, तो कडेवरून सुटतो तेही थोडं वेगळं, त्यामुळे ढुशी कधी जास्त कधी कमी, आणि डुलत्या पेलेटची पुढची वाटही वेगळी.

मला हे पटकन पटलं, कारण डिझेल इंजिनाच्या व्हॉल्वचं गणित हेच आहे. व्हॉल्व सीटवर एका जागी जरी खड्डा पडला तरी कॉम्प्रेशन तिथूनच जातं, बाकीची सीट आरशासारखी असली तरी उपयोग नाही. आणि व्हॉल्व सीट घासणं हे तर माझं रोजचं काम.

तपासायला दोन गोष्टी पुरतात. एक, कान साफ करायची कापसाची काडी. कोरडी काडी तोंडात जरा आत घालून कडेवरून बाहेरच्या बाजूला ओढायची, घड्याळाच्या बाराही आकड्यांवरून. जिथे कूस, म्हणजे धातूचं बारीक टोचरं टोक, आहे तिथे कापसाचा तंतू अडकून राहतो. आमच्याकडे तो दोन जागी अडकला, साधारण दोन वाजता आणि सहा वाजता. हे सहा वाजता लक्षात ठेवा, मी तेव्हा ठेवलं नाही. दुसरी गोष्ट, घड्याळजीकडचं दहापट भिंग आणि तिरपा टॉर्च. समोरून उजेड मारला तर सगळंच चमकतं, काही कळत नाही. बाजूने मारला तर खड्ड्याची सावली पडते. दोन वाजता तपकिरी खड्डा दिसला, खसखशीच्या दाण्याहून लहान. गंज. सहा वाजता काहीतरी चकाकत होतं, त्याला मी गंजाचाच भाऊ समजलो.

आता घासायचं कसं. आमच्या धंद्यात व्हॉल्व ग्राइंडिंग पेस्टचा डबा असतो, एका बाजूला कोर्स आणि दुसऱ्या बाजूला फाइन. इथे फक्त फाइन. कोर्सचा डबा उघडूच नका, मोह होतो. दुसरं सामान म्हणजे पितळेचा गोल डोक्याचा लाकडी स्क्रू. होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. डोकं भोकाच्या साधारण दुप्पट हवं, म्हणजे आठ-नऊ मिमी. ते खरंच गोल आहे ना ते भिंगाखाली बघून घ्या, मी पाच स्क्रूंतून एक निवडला. स्क्रूचा दांडा हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये धरायचा. विजेचं ड्रिल नको. ते वेगात किती खातं ते कळेपर्यंत खाऊन झालेलं असतं.

गोल डोकंच का? शंकूच्या आकाराचं हत्यार हातात जरा तिरकं झालं की कडही तिरकी घासते. गोळा तिरका धरला तरी गोळाच राहतो. गोल भोकावर तो सगळीकडून सारखाच टेकतो, आणि ती टेकण्याची रेषा नळीच्या आसाशी काटकोनातच असते. हाताच्या कामात इतकी माफी देणारं दुसरं हत्यार मला माहीत नाही.

आधी पिस्तुलाचा दांडा उघडा ठेवून मागून टॉर्च मारा आणि नळीत पेलेट नाही हे डोळ्यांनी बघा. सिलिंडरवालं पिस्तूल असेल तर सिलिंडर काढून बाजूला. मूठ काढून ठेवली. नळी व्हाइसमध्ये, दोन्हीकडून सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आणि व्हाइस हलणार नाही इतपतच आवळलेला. तोंड जरा खाली कलतं ठेवलं, म्हणजे पेस्ट आत न ओघळता बाहेर येते. नळीत तोंडापासून बोटभर आत ग्रीस लावलेला फेल्टचा बोळा बसवला. ही बुचाची पायरी वगळलीत तर घासण्याची पूड खाचांत जाईल, आणि मग क्राऊन परवडला असं म्हणायची पाळी येईल.

डोक्यावर मुगाच्या डाळीएवढी पेस्ट. ड्रिल सावकाश फिरवायचं, दाब म्हणजे फक्त ड्रिलचं वजन म्हणा, आणि फिरवताना मनगट सारखं आठाच्या आकड्यात हलवत राहायचं, म्हणजे स्क्रूच्या डोक्यावर एकाच जागी खोबण पडत नाही. दहा-बारा फेऱ्या झाल्या की थांबा, स्पिरिटने पुसा, भिंगातून बघा. पहिल्या पुसण्यानंतर आम्हाला कडेवर चंद्रकोरीसारखी पांढरी रेष दिसली, दोन वाजता तुटलेली. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा कोरीची कडी होत आली होती. पाचव्या वेळी कडी अखंड झाली, केसाएवढी रुंद. तिथे थांबलो. मध्ये मध्ये कड काळ्या मार्करने रंगवली तर हे आणखी स्पष्ट दिसतं, जिथे काळं राहिलं तिथे अजून घासलेलं नाही. कडी एका बाजूला जरा रुंद आणि दुसरीकडे अरुंद दिसली तर घाबरू नका. नळीचा पुढचा चेहरा किंचित तिरका कापलेला असतो तेव्हा तसं दिसतं. आतली रेष अखंड आहे ना, एवढंच बघा.

शेवटी त्याच आकाराचा नवा स्क्रू घेऊन समया घासायच्या ब्रासोने वीसेक फेऱ्या. मग बुचाचा बोळा मागून पुढे ढकलून तोंडातून बाहेर काढायचा, उलट नाही, म्हणजे पूड घेऊनच तो बाहेर पडतो. मागोमाग दोन-तीन कोरडे फेल्ट. तेल, केरोसीन, गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही नळीत मारायचं नाही, आतल्या रबरी सीलची वाट लागते. साबणाने हात धुवा. नळीतून निघणारा करडा काळपटपणा शिशाचा असतो, त्याच हातांनी चहाचा कप उचलू नये.

सगळं मिळून पाऊण तास. तांदळाच्या पिशवीवरून परत चार कार्डं, वीसपैकी एकोणीस दहात. मी स्वतःवर खूश.

गणपती आले आणि भाचीही आली, तीच तक्रार घेऊन. दीड महिनाही झाला नव्हता.

या वेळी भिंगात जे दिसलं ते लाजिरवाणं होतं. मी घासून काढलेली ती सुंदर पांढरी कडी तांबूस झाली होती. चूक कुठली ते सांगायला कुणी नको होतं. बाकीच्या नळीवर काळा मुलामा असतो. कडेवर होता तेवढा मी घासून काढला, उघडं पोलाद श्रावणातल्या हवेत सोडलं आणि वर ते पेटीत बंद केलं. पेटीतल्या फोमवर, बरोबर तोंड टेकतं तिथे, तपकिरी गोल डाग उमटला होता, चिंचोक्याएवढा. जीभ लावून बघितली. खारट.

आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हवेतला ओलावा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलेच राहतात. म्हणजे नेमबाजीच्या रेंजवरून येताना खाऱ्या वाऱ्याने आणि घामाच्या हाताने जे मीठ फोमला लागलं ते ऑक्टोबरातल्या उन्हाच्या दिवशीसुद्धा पुरतं वाळत नाही. फोम म्हणजे मिठाच्या पाण्याची गादी, आणि आपण रोज रात्री नळीचं तोंड त्या गादीवर निजवतो.

पुन्हा घासलं, या वेळी ब्रासोच पुरलं. मग फोममध्ये तोंडाच्या जागी खड्डा कापला, आता तोंड कशालाच टेकत नाही. कडेवर मेणाचा हात: मधमाशीचं मेण बोटावर चोळून तोंडाच्या चेहऱ्यावर पुसटसा थर, सराव सुरू करायच्या आधी कापसाने पुसून टाकायचा. पेटी पावसाळ्यात बंद ठेवायची नाही, पिस्तूल लोखंडी कपाटात कुलपाखाली, आणि कपाटात खाली जुन्या तारेचा झिरोचा बल्ब. आमच्याकडे हार्मोनियमसाठी हीच युक्ती करायचे. एलईडीचा बल्ब यासाठी बिनकामाचा, तो फारसा तापत नाही. सिलिका जेलच्या पुड्याही ठेवल्या, पण त्या रंग बदलला की भाजून परत कोरड्या कराव्या लागतात आणि हे घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. बल्ब बरा.

आणि मी आणखी एक गोष्ट केली. आधी कधीमधी साफ करायचो ती नळी गंजाची धास्ती बसल्यामुळे रोज सरावानंतर साफ करायला लागलो.

पुढचा जून. तिसरी वेळ. ग्रुप परत फुटला. मी कपाट उघडलं, बल्ब चालू, फोम कोरडा, मेण जागेवर, गंजाचा ठिपका नाही. कापसाची काडी फिरवली, तंतू अडकला. सहा वाजता.

भिंगात तपकिरी काही नव्हतं. कडेच्या खालच्या ओठावर स्वच्छ चकाकणारी उभी खोबण होती, शेजारी बारीक अशा आणखी दोन. गंज खड्डा करतो, काळपट आणि वेडावाकडा. ही रेघ घासण्याची होती. आणि पहिल्या जुलैत सहा वाजता जे चकाकत होतं ते हेच होतं.

आता या पिस्तुलाची रचना अशी, की मागून सरळ सळई घालता येत नाही, मध्ये मागची साइट येते. म्हणून मी समोरून साफ करायचो. कशाने? मोडक्या छत्रीच्या काडीने. टोकाला चिंधी गुंडाळलेली. सुरेख लवचीक, बरोबर बारीक, फुकट. छत्रीच्या काडीचा छेद कधी बघितलाय का? पन्हळीसारखा असतो, दोन्ही काठ धारदार. काडी गुडघ्यावर धरलेल्या पिस्तुलात समोरून घालताना हाताच्या वजनाने ती दर वेळी खालच्या ओठावर टेकते. आत-बाहेर, आत-बाहेर, रोज, मायेने. भाचीला दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तूच रे मामा."

घासायला या वेळी जास्त वेळ लागला, खोबण खोल होती. कडी केसाएवढी न राहता ज्वारीच्या पानाच्या शिरेएवढी झाली, तरी अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

साफ करायला आता तंगूस वापरतो. मासे गरवायचा जाड नायलॉनचा दोरा तो, दोन हात लांब. ती ताठ असते म्हणून दांडा उघडून मागून घातली की आपसूक तोंडातून बाहेर येते. मध्यावर गाठ मारून तिच्यात मांजरपाटाची बोटाच्या नखाएवढी चिंधी धरायची आणि मागून पुढे एकदाच ओढायची. गाठीच्या दोन्ही बाजूंना तंगूस शिल्लक हवी, चिंधी अडकली तर उलटी ओढता येते. ओढताना नळीच्या रेषेत सरळ, खाली झुकवून नाही, नाहीतर तंगूसही कालांतराने कड झिजवेल, विशेषतः तिला जांभ्याची तांबडी धूळ लागलेली असेल तर. रेंजची भिंत चिऱ्याची असेल तर ती धूळ सगळीकडे असते. आणि रोज साफ करायची तर अजिबात गरज नव्हती. डब्याभर पेलेट संपले की एकदा बास.

हातानं हे कुठवर करावं, तर खड्डा कडेपासून आत खाचांमध्ये उतरला असेल, किंवा नळी पडून तोंड चेपलं असेल, तर स्क्रूचा गोळा पुरा पडत नाही. मग लेथ. कुडाळच्या एमआयडीसीच्या बाजूला चांगले लेथवाले आहेत. त्यांना एक गोष्ट बजावून सांगा: नळी बाहेरच्या गोलाईवरून नाही, आतल्या भोकावरून सेंटर करायची. बाहेरचा गोल आणि आतलं भोक एकाच मध्यावर असतीलच असं नाही. चेहरा सरळ कापून मध्याकडे ११ अंशांचा उतार हा नेमबाजीच्या नळ्यांचा नेहमीचा माप आहे.

हे सगळं एअर पिस्तुलापुरतं. ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली हवेची हत्यारं परवान्यात येत नाहीत, आणि आमचं तर पाच ज्यूलच्या आसपास. हे लिहायचं कारण, गावात बातमी पसरली आणि एक शेजारी आपली शेतसंरक्षणाची बंदूक घेऊन हजर झाले, वानरांवर बार नीट बसत नाही म्हणून. हात जोडले. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवानाधारकच करू शकतो, आणि नळी आखूड करायला तर वेगळा परवाना लागतो. तोंड लेथवर कापणं म्हणजे थोडी का होईना आखूडच करणं. .२२ च्या काडतुसी पिस्तुलालाही तेच लागू. क्राऊनचं शास्त्र तेच, पण ते माझ्या व्हाइसमध्ये यायचं नाही. शिवाय त्यांची बंदूक बिनखाचांची होती, तिचा रोग वेगळाच.

सध्या पिस्तुलाच्या तोंडावर चार वाजता एक गंजाचा ठिपका आहे, कडेपासून दीडएक मिलिमीटर बाहेर, चेहऱ्यावर. त्याला मी हात लावलेला नाही. पेलेटला किंवा हवेला तो लागतच नाही. भिंगावर मोबाइल धरून त्याचा फोटो काढून ठेवलाय, पुढच्या नारळी पौर्णिमेला परत काढीन. ठिपका कडेकडे सरकला तर ब्रासो, नाही तर नाही.